तो कागद कुठाय?

जूनमधली गोष्ट. पाऊस धड सुरू झालेला नव्हता, पंखा होता पण लाईट नव्हती, आणि तास कुठला तर डबा खाऊन झाल्यावरचा, म्हणजे अर्धा वर्ग पेंगलेला आणि उरलेला अर्धा बेंचखाली काहीतरी उद्योग करणारा. दहावी ब. धडा पहिलाच, इतिहासलेखनाचा. फळ्यावर मी मूळ साधने, साधनांची चिकित्सा, अस्सल-नक्कल असं काय काय लिहून ठेवलेलं, आणि पोरांचे चेहरे बघून कळत होतं की यातलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात शिरत नाहीये. मग उदाहरण म्हणून जे तोंडात आयतं आलं ते बोलून टाकलं. म्हटलं, एका अक्षरानं काय होतं बघा, कागदावर होतं 'नारायणरावास धरावे', आनंदीबाईंनी ध चा मा केला आणि शनिवारवाड्यात पेशव्याचा खून पडला. खून म्हटल्यावर मागचे बेंच जागे झाले. होतातच. 'काका मला वाचवा' पण मी जरा आवाज काढून म्हणून दाखवलं, बावीस वर्षं म्हणतेय, जमतं मला.

तिसऱ्या बेंचवरून हात वर आला. "मॅडम, तो कागद आता कुठाय?"

कुठला कागद, मी विचारलं. तर म्हणे ज्याच्यावर ध चा मा केला तो, म्युझियममध्ये ठेवलाय का. चेष्टा नव्हती हो तिच्या आवाजात. फळ्यावर मीच लिहिलं होतं की इतिहास मूळ कागदावरून लिहितात, मग ती मूळ कागद मागत होती, इतकंच. आणि मी काय केलं, तर घड्याळाकडे बघितलं. "असं परंपरेनं सांगतात, चला पुढे, पोरशन मागे पडतोय, व्हॉल्टेअर लिहा."

तिनं व्हॉल्टेअर लिहिलं.

संध्याकाळी भाजी निवडताना तेच डोक्यात. मेथीची जुडी निम्मी झाली तरी मी मनातल्या मनात तिला उत्तर देतेय. बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता हे एक, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता हे दुसरं, जे जास्त लागत होतं. एम.ए. आहे मी इतिहासात. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, सुमेरसिंग गारदी, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, बारभाई, सगळं घडाघडा येतं, पण तो चिठोरा मी स्वतः कधी पाहिलेला नाही, त्याचा फोटो पाहिलेला नाही, पाहिलाय असं सांगणारा माणूसही मला भेटलेला नाही. स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी सहज विषय काढला तर मराठीच्या मॅडम म्हणाल्या, अगं वाक्प्रचार आहे तो, वाक्प्रचाराचा कागद कसला मागतेस. सगळे हसले, मीपण हसले. पण त्या बोलून गेल्या ते नंतर किती दिवस मला पुरलं.

दहावीच्या पुस्तकाबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे, ती इथं ओकून टाकते. हे पुस्तक २०१८ ला बदललं तेव्हा मी खूश झाले होते. लढाया-तह-सनावळ्या बाजूला ठेवून थेट इतिहास लिहितात कसा, तो सिनेमात कसा येतो, पेपरात कसा येतो, असे धडे. कुणीतरी हिंमत केली म्हटलं. पण पेपर ४० मार्कांचा, आणि धड्याखाली स्वाध्याय कसला तर आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चारातला एक निवडा. म्हणजे आख्खा धडा सांगतोय की बाबांनो कोण म्हणतंय आणि कशावरून म्हणतंय ते विचारा, आणि खालची रिकामी जागा म्हणतेय की विचारू नका, भरा. पोरं हुशार असतात, त्यांना दोन्हीतलं कुठलं खरं ते बरोबर कळतं. फुको कोण तर 'आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज' लिहिणारा, संपलं. मायकेल फुकोचं नाव आमच्या ब तुकडीतला रिक्षावाल्याचा पोरगा झोपेत सांगेल, कारण हमखास एक मार्क आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांना नावं ठेवायला मला काय जातंय, मी स्वतः वर्षानुवर्षं त्या एक मार्काच्याच मागे पळालेय. शंभर टक्के निकालाचा फलक लागतो शाळेच्या गेटवर, त्यावर फोटो येतात, माझ्यासकट.

तर चारेक दिवसांनी मी वर्गात जाऊन सांगितलं, की त्या दिवशी जो प्रश्न आला होता, तो कागद कुठाय, त्याचं उत्तर मला येत नाही. असं म्हणायला मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. वर्ग एकदम शांत. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे मॅडमनापण माहीत नाही," त्यात आनंदच जास्त होता. मी म्हटलं आता तुम्हीच सांगा, ध चा मा ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितली, आठवून सांगा, आणि फळ्यावर खडूच्या रेघा मारत गेले. ४७ पोरं हजर. एकोणीस जण म्हणाले मराठीच्या तासाला, वाक्प्रचार व अर्थ. बारा जण आजी, आजोबा, आई. नऊ जण सिरीयल नाहीतर यूट्यूब. सहा जणांना आठवेना. एक म्हणाला तुम्ही, परवा. इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असं एकही पोर म्हणालं नाही. मी फळ्याकडे बघत उभी राहिले. म्हणजे इथं निकाल आधी लागतो आणि खटला नंतर, तोही लागला तर. पाचवी-सहावीतलं पोर 'ध चा मा करणे' वाक्यात उपयोग करून दाखवतं तेव्हा त्याला पेशवे कोण, कुठले, काही माहीत नसतं, पण कुणीतरी एका बाईनं काहीतरी वाईट केलंय हे पक्कं बसलेलं असतं.

मग एकीनं विचारलं की मॅडम, गादी तर राघोबादादांना हवी होती ना, चिठ्ठीपण त्यांचीच, मग भांडकुदळ बाईला आनंदीबाई म्हणतात तसं कुठल्या माणसाला राघोबा का नाही म्हणत. मुलींच्या रांगेत एकदम कुजबुज झाली. मी त्या क्षणी ताराबाई शिंद्यांचं नाव फळ्यावर लिहिलं. 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२, पुस्तकात आहे, आम्ही त्याची चार ओळींची टीप पाठ करून घेतो. पण ते पुस्तक कशावरून पेटलं ते टिपेत मावत नाही, की सुरतेच्या एका विधवेचा खटला पेपरांत गाजत होता आणि तिच्या निमित्तानं आख्ख्या बायकांच्या जातीला नावं ठेवली जात होती, ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या या बाईनं कागद ओढला. मी पण इतकी वर्षं टीपच शिकवली.

आता एक गंमत, आम्ही नाशिकचे. ज्यांना नाशिक माहितीये त्यांना गंगापूर रोडनं सोमेश्वरकडे जाताना आनंदवल्ली लागते ते माहीत असेल. तर ही आनंदवल्ली म्हणजे त्या आनंदीबाईंचीच. राघोबादादा इथं येऊन राहिले, वाडा बांधला, आणि गावाला बायकोचं नाव पडलं. नदीकाठचा नवश्या गणपती, तोही या दोघांनी मुलासाठी केलेल्या नवसाचा असं लोक सांगतात. मी कितीदा गेलेय तिथं, प्रदक्षिणा घातल्यात, पोरांच्या परीक्षेसाठी नवस बोललेय. रिक्षावाल्याला 'आनंदवल्ली' म्हणून सांगते तेव्हा मला काही खून आठवत नाही. आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी राहते तिथलीच. एकदा सुटल्यावर गेटपाशी भेटली तर म्हणाली, मॅडम आमच्याकडे आजी म्हणते की आनंदीबाई फार देवभोळी होती. मी म्हटलं आजीला कुणी सांगितलं. ती हसली, "मॅडम, कागद नाहीये." तेव्हापासून आमच्यात तो एक शब्दच झाला. वर्गात कुणी काही ठोकून दिलं की कुठूनतरी आवाज येतो, कागद!

पण मला जी मेथी निवडताना बोच लागली होती ती पेशव्यांची नव्हती. ती कुठली होती हे कळायला आठवडा गेला.

आमच्या घरात एक आनंदीबाई होती. माझी धाकटी काकू. गाव निफाड तालुक्यात, आजोबांची तीन मुलं, माझे वडील थोरले, आणि वाटणीत विहिरीकडचं दीड एकर धाकट्या काकाला गेलं. विहिरीकडचं म्हणजे बारमाही पाण्याचं, तिथं पुढे द्राक्षं झाली, आमच्या वाट्याला आलं ते वरचं मुरमाड. आजोबा शेवटची दोन वर्षं काकूच्याच हातचं खायचे, तीच त्यांचं सगळं करायची, अंथरुणसुद्धा. तर घरात बोललं जायचं की हिनंच म्हाताऱ्याकडून कागद फिरवून घेतला. कसा फिरवला, कधी फिरवला, कुणी बघितलं, हे काही नाही, फिरवला एवढंच. आई, आत्या, मधल्या काकू, दुपारी धान्य पाखडायला बसल्या की हळू आवाजात 'आनंदीबाई' असा उल्लेख व्हायचा आणि सुपाच्या तालावर बाकीच्या हुं हुं करायच्या. मला वाटायचं ते काकूचं माहेरचं नाव असेल. एकदा मी तिला तोंडावर हाक मारली, "आनंदीकाकू." सात-आठ वर्षांची असेन. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. हात थांबला तिचा परातीत, माझ्याकडे बघितलं, मग भाकरी उलटली, आणि मला गूळ-शेंगदाणे दिले पदराखालून काढून. तो पदर, त्याला चुलीच्या धुराचा आणि कच्च्या तेलाचा वास, मला आत्ता लिहिताना येतोय.

पुढे जाणं-येणं बंदच झालं. वडील म्हणायचे, "कागद माझ्याकडे आहे, वेळ आली की काढीन." दर दिवाळीला म्हणायचे. वेळ काही आली नाही. काकू गेली तेव्हा मी दहाव्याला जाऊन आले, पाणीसुद्धा घेतलं नाही त्या घरात, शाळेचं निमित्त सांगून दुपारच्या एसटीनं परत. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी वडील गेले, आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, तो कागद खरंच निघाला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेला. आणि मोडीतला. माझ्या वडिलांना मोडी येत नव्हतं. म्हणजे हा माणूस तीसेक वर्षं ज्या कागदाच्या जिवावर सख्ख्या भावाशी बोलला नाही तो कागद त्याला वाचताच येत नव्हता, आणि आमच्यातल्या कुणालाच येत नव्हता, आणि एम.ए. इतिहास असलेली त्याची मुलगी तो कागद गोदरेजच्या कपाटात ठेवून, बघू कधीतरी म्हणून, वर्गात जाऊन अस्सल साधनांवर नोट्स देत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी दहा दिवसांचा मोडीचा वर्ग लावला. शिकवायला एक रिटायर्ड गुरुजी, आयुष्य जमिनीच्या कागदपत्रांत गेलेलं, बोटांना अजून शाई. मोडीची एक खोड म्हणजे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरं लोंबकळत ठेवायची, हात न उचलता, त्यामुळे शब्द कुठं संपला आणि पुढचा कुठं सुरू झाला हे डोळ्याला कळत नाही, अर्थानंच कळतं. ऱ्हस्व-दीर्घाचा धाक नाही. विरामचिन्हं नाहीत. पहिले तीन दिवस मला ते सगळं मुंग्यांची रांग दिसायचं. गुरुजी सांगायचे की बाई, वाचायची घाई करू नका, आधी काय दिसतंय ते सांगा. आपल्याला जे वाचायचंय तेच आपण वाचतो, हा मोडीतला पहिला धोका. पेशवे दफ्तराबद्दल ते एखाद्या देवस्थानाबद्दल बोलावं तसं बोलायचे. पुण्यात कापडात बांधलेले रुमालच्या रुमाल आहेत कागदांचे, इतिहासकार सरदेसाईंनी निवडून ४५ खंड छापले तरी समुद्रातून कळशीभर. आणि इतिहासकार राजवाड्यांचं तर काय सांगायचं, गावोगाव वाड्यांच्या माळ्यावर चढून उंदरांच्या तोंडातून दफ्तरं ओढली त्या माणसानं, १८९८ ला पहिला खंड काढला तो वाईला सापडलेल्या कागदांवर. मी इतकी वर्षं राजवाडे म्हणजे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' एवढंच, जोड्या लावा.

पाचव्या दिवशी मी पिशवीतून आमचा कागद काढून गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद नाकाला लावला, आणि थोड्या वेळानं हसायला लागले. काय होतं ते सांगते, थोडं थांबा.

सुट्टीनंतर मोडीची बाराखडी झेरॉक्स करून वर्गात नेली. ऑफ तास होता पीटीचा, मैदानात चिखल. म्हटलं चला, ध चा मा करून दाखवा. आधी देवनागरीत करायला लावलं. बॉलपेननं 'धरावे' लिहायचं आणि खाडाखोड न करता 'मारावे' करायचं. ध चं पोट बुजवा, काना घाला, कुणी जाड रेघ मारली, कुणी शाई सांडल्याचं नाटक केलं. एकालाही असं जमेना की बघणाऱ्याला संशय येणार नाही. मग मोडीत. कुणी म्हणालं मोडीत सोपंय, कुणी म्हणालं शक्यच नाही, दोघं तर बेंचवर उभं राहून भांडले. मी निकाल दिला नाही, आणि आमच्या पोरांच्या बॉलपेननं अठराव्या शतकातला बोरूचा खून उकलणार नाही हे मलाही कळतं. पण एकानं जे विचारलं ते मला आवडलं. "मॅडम, समजा अक्षर बदललं, तरी गारदी, म्हणजे पगारी शिपाईच ना ते, काय चिठ्ठी वाचून खून करतील का? त्यांचा पगार थकला होता ना?" थकलेल्या पगाराचं मीच कधीतरी बोलून गेले होते. म्हणजे कागदावरून गोष्ट पैशावर आली, आणि मी काहीच न करता आली.

हे सगळं ऐकायला गोड वाटतंय ना? नव्हतं तितकं. त्याच आठवड्यात शेवटच्या बेंचवरचा एक, केस कपाळावर आणलेला, तास संपताना म्हणाला, "म्हणजे मॅडम, इतिहास सगळा खोटाच असतो." आणि ते तो इतक्या आरामात म्हणाला की माझ्या पोटात गोळा आला. मी हे शिकवलं? कागद मागायला शिकवलं आणि यानं दुकानच बंद केलं. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा मला मोबाईलवर रील दाखवतोय, शाळेत मोबाईल चालत नाही तरी, की अमावस्येला शनिवारवाड्यात 'काका मला वाचवा' ऐकू येतं. "मॅडम, रेकॉर्डिंग आहे!" म्हणजे ज्याला पुस्तक खोटं, शिक्षक खोटे, त्याला रील खरं. माझं डोकंच फिरलं, पण ओरडले नाही, म्हटलं वर्गात लाव. आणि तिथं मला पोरांचा खरा अभ्यास दिसला. मी बखर आणि चिकित्सा म्हटल्यावर जे पेंगतात त्यांनी दोन मिनिटांत त्या रीलची सालं काढली. एक म्हणाली हा आवाज दुसऱ्या रीलमध्येपण आहे, सेम टू सेम. दुसरा म्हणाला याच्या बायोत पेड प्रमोशनचा नंबर आहे, व्ह्यूजसाठी करतात. तिसरा म्हणाला अमावस्येला शूट केलं तर मागे लाईट कुठनं आली. मग मी हळूच सभासदाच्या बखरीचं काढलं, शिवाजी महाराज गेल्यावर दीडेक दशकानं, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, दूर जिंजीला बसून लिहिलेली, लिहिणारा दरबारातला जुना माणूस. तोच केसाळ पोरगा म्हणाला, "म्हणजे याचे व्ह्यूज राजाकडचे." वर्ग खो खो हसला. मी म्हटलं बरं, मग फेकून द्यायची का बखर? तो जरा विचार करून म्हणाला नाही, तो माणूस तिथं होता ना, रीलवाला नव्हता. यापेक्षा बरं उत्तर मला बी.एड.ला कुणी दिलं नव्हतं.

हसणं वरच्या मजल्यावरून ऑफिसपर्यंत गेलं असावं. सरांनी बोलावून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, मॅडम, चांगलं चाललंय तुमचं, फक्त जपून, महाराजांचा विषय वर्गात जरा बेतानं. एक पालकही येऊन गेले होते, त्यांचं म्हणणं साधं, हे बोर्डाला येणार आहे का, नसेल तर पोरगा क्लासला जास्त वेळ बसेल. दोघांचंही मला पटलं, हीच तर पंचाईत. कारण मला मनातून ठाऊक होतं मी आनंदीबाईच का धरली ते. आनंदीबाईंसाठी कुणी मोर्चा काढत नाही. तिच्या नावाचं मंडळ नाही, तिचा डीजे नाही, तिच्याबद्दल काही बोललं तर शाळेच्या काचा फुटत नाहीत. शिवजयंती तारखेनं एकदा आणि तिथीनं एकदा अशी दोनदा का, हे पोरं दर वर्षी विचारतात, आणि त्यामागे केवढी मोठी गोष्ट आहे, टिळकांनी १९१६ ला जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची जुनी सनावळीची नोंद, छापली, तिच्यातली फाल्गुनातली जन्मतिथी, मग अभ्यासकांची वर्षानुवर्षांची घासाघीस, कागदावर कागद ठेवून १६२७ की १६३० ही चर्चा, आणि २००१ ला सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० नक्की केली ती. चिकित्सा म्हणजे काय हे दाखवायला यापेक्षा सुंदर उदाहरण मराठीत नसेल. आणि मी दर वर्षी सांगते, सरकारनं ठरवलंय, लिहून घ्या. याही वर्षी तेच सांगितलं. ती तिसऱ्या बेंचवरची माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही.

फेब्रुवारीत प्रिलिम झाल्यावर दोन-तीन तास रिकामे मिळाले. निम्मी पोरं घरी अभ्यासाला, उरलेली पंधरा-सोळा. मी आमच्या कागदाची मोठी झेरॉक्स काढून नेली होती, मूळ कागदपण प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टेबलावर ठेवला, हात न लावता बघा म्हटलं. गोष्ट सांगितली, नावं न घेता, एका घरातली म्हणून, आनंदीबाईसकट. कागदात काय आहे ते सांगितलं नाही. बाराखडीची झेरॉक्स बाजूला ठेवून चार-चारच्या टोळ्या भिडल्या. अर्धा तास नुसती कुजबुज, 'हा न आहे का त', 'अगं ही रेघ मोजू नको', 'हे दोनदा आलंय बघ'. एक टोळी ठाम होती की पहिल्या ओळीत 'जमीन' आहे, कारण त्यांना ते हवंच होतं. बाहेर कैऱ्यांवर दगड मारल्याचा आवाज, आत खडूची धूळ आणि सोळा डोकी एका टेबलावर. आणि मग ती आनंदवल्लीची मुलगी बोट ठेवून, एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं वाचायला लागली. म्ह. शी. ची. थांबली. परत वाचलं. "मॅडम, म्हशीची?"

पावती होती ती. पिंपळगावच्या बाजारात घेतलेल्या म्हशीची, पंचेचाळीस रुपये पोचले, सही. जमीन नाही, विहीर नाही, वाटणी नाही, काकूचं नाव तर नाहीच. ती तेव्हा लग्न होऊन या घरात आलीसुद्धा नव्हती.

वर्ग हसून हसून लोळला. मीपण हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते पुसता पुसता फळ्याकडे तोंड करून उभी राहिले जरा वेळ. खरी वाटणी कशावर झाली, कागदावर झाली की तोंडी, म्हाताऱ्यानं आपखुशीनं दिली की आणखी काही, ते आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. म्हशीची पावती काकूला निर्दोष ठरवत नाही हेही मला कळतं, इतिहासाची बाई आहे मी. परातीत थांबलेला तो हात मात्र मला दिसत राहतो.

पोरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांना कागद पुरा उतरवायचा होता, देवनागरीत, स्वच्छ. शेवटच्या ओळीशी गाडी अडली, तिथं वाळवीनं खाल्लेलं. तो केसाळ पोरगा लिहायला बसला होता, म्हणाला, लिहून टाकू ना अंदाजानं, साक्षीदार-बिक्षीदार असेल काहीतरी, कोणाला कळणारे. ती म्हणाली, नाही, तिथं भोक आहे असं लिही. "असं कोण लिहितं?" "लिही ना."

त्यानं लिहिलं, इथे भोक आहे. आणि शेजारी, मूळ कागद डोळ्यांपाशी नेऊन, बरोबर भोकाएवढा एक गोल काढला.